निविदेत न मावणारी संध्याकाळ

काम सुटल्यावर जुने सहकारी चहा-भजीला जमले, की आपल्याकडे शेरा ठरलेला: 'बसले रिकामटेकडे!' मला तो मुळीच मान्य नाही.

आदिलाबादचेच घ्या. पैनगंगेपलीकडचा हा तेलंगणातला जिल्हा. 1956च्या राज्यपुनर्रचनेत त्यातला राजुरा तालुका मुंबई राज्यात आला, तरी मराठी बोलणारे तिथे उरलेच. तिथला सिमेंट कॉर्पोरेशनचा सरकारी कारखाना 1990च्या दशकात थंडावला. 2022 मध्ये यंत्रे भंगारात काढायची निविदा निघाली. लोखंडाचा भाव ठरवता येतो हो! पण एकाच पाळीत तेलुगू, मराठी, उर्दू बोलत ज्यांनी घाम गाळला, त्यांच्या नात्यासाठी निविदेत रकाना कुठे असतो?

आपण गोवेकरांनी तर हसूच नये. 2012 मध्ये आणि पुन्हा मार्च 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली-सांग्यात ट्रकांचे थकलेले हप्ते सर्वांनी मोजले. विखुरलेली माणसे कोणी मोजली?

कारखाना चालू असतो तोवर कामगाराला फाटक असते, कँटीन असते, युनियन असते. तो बंद पडला की दिवसभर दुसरीकडे राबून गाठलेली ही संध्याकाळ तेवढी उरते. कोणाची थकबाकी अडली, कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाला काम हवे आहे, ते इथेच कळते. याला रिकामटेकडेपण म्हणायचे?

अशा बैठकीला शाल-श्रीफळ नको, पाहुण्यांचे भाषण तर नकोच. जायचेच असेल तर भज्यांची एक प्लेट जास्त सांगा आणि ऐकत बसा.