मुंग्या गेल्या, पण चित्रही गेले

सभासद बंधूंनो, छपरावरची अँटेना काहींनी अजून उतरवलेली नाही. पण ती कितीही फिरवली तरी सह्याद्री लागणार नाही. सामरिक महत्त्वाची मोजकी सोडून दूरदर्शनने जुन्या, अ‍ॅनालॉग पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद केली.

जुन्या पद्धतीत लहरी क्षीण झाल्या की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण आवाज यायचा, पानावरची कीड निदान ओळखू यायची. डिजिटलचे तसे नाही. संदेश पुरेसा पोचला तर चित्र लख्ख, नाहीतर पडदा गोठलाच! मात्र एका वाहिनीच्या जागेत अनेक मावतात, हे आम्ही मान्य करतो.

आमचे म्हणणे पैशाचे आहे. कृषिदर्शन १९६७ साली सुरू झाले, ते अँटेनावर फुकट दिसे. पुढे केबलही डिजिटल झाली. खेड्यांसाठी मुदत होती मार्च २०१७. आता घरोघर दरमहा रिचार्ज. वास्तविक दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. छत्री अन् डबा एकदाच घ्यायचा, दरमहा छदाम नाही. सह्याद्री आणि २०१५ साली निघालेली किसान वाहिनी दोन्ही त्यावर दिसतात. दुकानदार हे आपणहून कशाला सांगेल?

ऊसतोड मजुरांच्या तळावर आणि प्रत्येक गट कार्यालयात कारखान्याने अशी एकेक छत्री बसवावी, असे आम्हांस वाटते. येत्या वार्षिक सभेत कुणी सभासदाने हा विषय मांडावा. खर्चाचे टिपण शेतकी खात्यातून आम्ही देऊ.