जुन्या डब्यातली गोळी, नव्या पिशवीतली गोळी

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला या आठवड्यात हॉस्पिटलातून घरी आणलं असेल, तर आत्ता उठा आणि दोन वस्तू समोर घ्या: घरातला जुना गोळ्यांचा डबा आणि डिस्चार्जच्या दिवशी मेडिकलमधून आणलेली पिशवी. उद्यावर टाकू नका, रात्रीची गोळी आजच घेतली जाणार आहे.

माझी आई ७७ वर्षांची. न्यूमोनिया झाला म्हणून आठ दिवस ॲडमिट होती, बरी होऊन घरी आली. डिस्चार्ज कार्डावर बीपीची गोळी नव्या नावाची होती, ती आम्ही आणली. डब्यातली जुनीही चालू राहिली, कारण ती ‘नेहमीची’ होती. दोन्ही स्ट्रिपवर कंपनीने दिलेलं नाव मोठं होतं आणि खाली बारीक अक्षरांत दोन्हीकडे एकच शब्द होता, टेल्मिसार्टन. पाचव्या दिवशी पहाटे आई न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडली. खुब्याचं हाड मोडलं. न्यूमोनियातून उठलेली माझी आई आज वॉकरशिवाय चार पावलं चालू शकत नाही. डॉक्टर होते, नर्स होत्या, मेडिकलवाला होता, मी होते. दोन स्ट्रिप शेजारीशेजारी ठेवून आम्ही कुणीच पाहिल्या नाहीत.

वय वाढतं तशी किडनी मंदावते, औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. चाळिशीत सोसलेला डोस ऐंशीत झेपेलच असं नाही. त्यातून एका गोळीच्या त्रासावर दुसरी सुरू होते. बीपीच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजू शकतात. सूज दिसली म्हणून पाण्याची गोळी येते. तिच्यामुळे रात्री चारदा लघवीला उठावं लागतं, झोपमोड होते म्हणून झोपेची गोळी येते, आणि त्या गुंगीत अंधारात उठताना तोल जातो. प्रत्येक गोळी कुणीतरी चांगल्या मनानेच दिलेली असते. पहिली बदलून पाहू, असं म्हणायला मात्र सगळ्या गोळ्या एकाच माणसाच्या नजरेसमोर याव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारा अपाय टाळण्याची मोहीम सुरू केली. तिने धोक्याच्या ज्या जागा ठळक केल्या, त्यांत एकाच माणसाला चालू असलेली खूप औषधं आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना होणारी गफलत या दोन्ही आहेत. हॉस्पिटलातून घरी येणारी आपली आजी या दोन्ही जागांवर एकाच वेळी उभी असते.

म्हणून विनवते, सगळी औषधं एका पिशवीत भरा. सगळी म्हणजे डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, गुडघ्यांसाठी चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅकसुद्धा. बीपीच्या आणि पाण्याच्या गोळीसोबत ती पडली तर किडनीला मोठी इजा होऊ शकते. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळीने प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी तुंबू शकते. काढे आणि चूर्णंही त्यात घाला. खोकल्यासाठी रोज भरपूर घेतलेलं ज्येष्ठमध बीपी वाढवू शकतं, पोटॅशियम उतरवू शकतं. ही पिशवी, डिस्चार्ज कार्ड आणि किडनीच्या तपासणीचा (क्रिएटिनिनचा) ताजा रिपोर्ट घेऊन आठवड्याच्या आत एकाच डॉक्टरांसमोर बसा. प्रत्येक गोळीबद्दल विचारा: ही कशासाठी, कधीपर्यंत? जुन्यांपैकी कुठली बंद? हॉस्पिटलात सुरू झालेली ॲसिडिटीची गोळी अनेकदा वर्षानुवर्षं चालू राहते, कारण ती थांबवायचं कुणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. हॉस्पिटलचे कागद हाती नसतील तर मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते मिळायला हवेत.

एक गोळी मी मुद्दाम वेगळी सांगते. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीव जाऊ शकतो. चिठ्ठीत ती असेल तर डॉक्टरांकडून वार लिहून घ्या, आणि ती रोजच्या डब्यात ठेवूच नका.

पण हे वाचून स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्टेरॉइड, हृदयाचे ठोके आवरणारी गोळी, बरीच वर्षं चाललेली झोपेची गोळी एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. कमी करायची तीही डॉक्टरांच्या हातून. एकच गोळी दोन नावांनी आहे असं दिसलं, तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा.

डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना हात जोडून सांगणं आहे: ‘१-०-१’ आजीला कळत नाही. ‘सकाळी एक, रात्री एक’ असं मराठीत लिहा, आणि बंद केलेल्या औषधांची नावंही लिहा. मेडिकलवाल्या दादांनो, चार गोळ्या कापून देताना नाव आणि मुदत असलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे जाऊ द्या. पुण्यात, दुबईत, अमेरिकेत असलेल्या मुलांनो, आज व्हिडिओ कॉलवर ‘गोळ्या घेतल्या का’ एवढंच विचारू नका. ‘आई, एकेक स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धर’ म्हणा आणि बारीक अक्षरातलं नाव लिहून घ्या.

घरी आल्यानंतरच्या दिवसांत माणूस अचानक गुंगीत राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, उभं राहताना चक्कर आली, लघवी कमी झाली, शौच डांबरासारखं काळं झालं, तर ‘वय झालं’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. औषधांची पिशवी बरोबर घ्या.