घरची चित्रफीत कशी ठेवाल?



या सदरात आपण नेहमी बी-बियाणे, खत-पाणी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा बांधापलीकडचा आहे, पण तोही बियाण्यावरूनच निघाला.

गेल्या महिन्यात चऱ्होली बुद्रुकला एका ओळखीच्या घरी आजींच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो. हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, आणि आता पूर्वीच्या रानांत इमारती उभ्या आहेत. आजींनी मात्र परसातला गावरान पावटा शेवटपर्यंत जपला. बी कसे निवडायचे, राखेत कसे ठेवायचे, हे त्या सांगत असताना नातवाने मोबाईलवर चित्रण केले होते. जेवणे आटोपल्यावर त्याने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आजींचा आवाज आला, पडदा मात्र काळाच. सूनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पोरगा गोरामोरा झाला.

फीत बिघडली नव्हती. ती ज्या रीतीने दाबून भरली होती, ती रीत त्या जुन्या टीव्हीला येत नव्हती.

मोबाईल सेकंदाला साधारण ३० चित्रे टिपतो. फुल एचडीची ही चित्रे न दाबता ठेवली, तर मिनिटाला सुमारे ११ जीबी जागा लागेल. म्हणून एक चित्र पुरते ठेवतात, पुढे बदल तेवढाच नोंदवतात. मागची भिंत तीच, आजींचे हात तेवढे हलले. शिवाय डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा गाळून टाकतात. २००३ सालची एच.२६४ ही रीत चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे वाफे पाडते. २०१३ सालची एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, सपाट रानात ६४ बाय ६४ पर्यंत मोठे वाफे पाडते आणि उंचसखल जागी लहान. त्यामुळे जागा जवळजवळ निम्मी लागते. पण जुन्या यंत्रांना ती वाचता येत नाही. २०१८ ची एव्ही१ तर आणखी नवी. घरगुती कामाला तिची घाई नको.

आणि फाईलच्या शेवटी एमपी४ लिहिले आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते पोत्याचे नाव आहे, धान्याचे नव्हे. दोन्ही रीती त्याच पोत्यात भरतात.

माझे मत विचाराल तर, जी फीत चार घरी दाखवायची आहे, ती एच.२६४ मध्येच घ्या. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडा. इतर फोनांत ‘हाय एफिशियन्सी’ किंवा एचईव्हीसी असे काही चालू दिसले तर बंद करा. जागा जास्त जाईल, जाऊ द्या. आधीच घेतलेल्या फितीची एच.२६४ मधली प्रत संगणकावर हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने निघते. नातवाने तशी काढली आणि दिवेलागणीला आजी पडद्यावर दिसल्या.

“आता मूळ फाईल पुसू का, काका?” त्याने विचारले. मी म्हटले, मुळीच नको. प्रत्येक वेळी नव्याने दाबताना थोडा बारकावा गळतो आणि तो परत येत नाही. नातेवाईकांना व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, म्हणजे ती आणखी दाबली जाणार नाही. मूळ फीत दोन ठिकाणी ठेव.

सूनबाईंच्या मोबाईलवर तीच फीत चार जणांकडून फिरून आलेली होती. दोन्ही शेजारी लावून पाहिल्या. मुळात आजींच्या तळहातावरच्या पावट्याच्या दाण्यांवरचे बारीक ठिपके दिसत होते, फिरून आलेल्या फितीत सगळे दाणे एकसारखे. आजी त्या ठिपक्यांवरूनच बी निवडत असत.