मोजणारा माणूस आपला का नसावा?



विम्याची पाहणी कशी होते ते आम्ही बांधावर उभे राहून पाहिले आहे. मोटरसायकल थांबते. एक पोरगा उतरतो, पऱ्हाटीचे दोन फोटो काढतो, कोऱ्या फॉर्मवर सही घेतो आणि निघून जातो. नुकसान किती टक्के लिहिले, ते शेतकऱ्याला कळत नाही. मग सभेत ओरड होते : 'कंपनीने परराज्यातला माणूस पाठवला!'

परराज्यातला असणे हा गुन्हा नव्हे. विमा सर्वेक्षकाचा परवाना हैदराबादचे विमा नियामक प्राधिकरण देते आणि तो साऱ्या देशात चालतो. अमेरिकेत अनेक राज्ये आपापला परवाना देतात. शेजारच्या राज्यात दावे तपासायचे तर तिथला वेगळा काढावा लागतो. आपल्याकडे प्राणहिता ओलांडायला दुसरा कागद लागत नाही. आसिफाबादचा माणूस सिरोंच्यात येतो, तसा गोंडपिपरीचा आसिफाबादला जाऊ शकतो. जात नाही, कारण आपली पोरे परवाना काढतच नाहीत.

आणि त्या फोटोवाल्या पोराकडे तरी तो होता का? १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ यूएम प्रमाणे ठरावीक रकमेवरच्या दाव्यालाच परवानाधारक सर्वेक्षक सक्तीचा आहे. बाजारपेठेतले मोठे दुकान जळाले की तो येतो. दोन एकर पऱ्हाटीचा दावा त्या रकमेच्या खालीच राहतो. नुकसान गरिबाचे, म्हणून मोजणारा कसाही चालेल, हा कुठला न्याय?

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला. ज्वारीला दोन टक्के, कापसाला पाच टक्के हप्ता आला. सोबत स्थानिक आपत्तीचे संरक्षणही काढले आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. मंडळाची सरासरी चांगली निघाली की तुमच्या एकट्याच्या बुडालेल्या शेताला कोणी विचारत नाही. कसाही का होईना, शेतात येणारा माणूसच गेला!

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले, की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचे नुकसान स्थानिक आपत्तीत धरता येईल. प्राण्यांची यादी आणि जिल्हे राज्याने ठरवायचे. शेतकऱ्याने ७२ तासांत मोबाइलवरून फोटोसह कळवायचे. (एटापल्लीत टॉवर शोधत टेकडीवर चढण्यात त्यातले किती तास जातील, हे दिल्लीत कोणी मोजले?) आमचे दोन्ही जिल्हे त्या यादीत नसतील तर यादीला अर्थच नाही. पण यादीत आल्यावर मोजणार कोण? रानडुक्कर ज्वारीची ताटे आडवी पाडून कणीस खाते, जमीन उकरते. रोही उभ्या पिकाचे शेंडे खुडतो. हा फरक शहरातल्या पोराला खुरावरून सांगता येईल?

आम्हीही कृषीचे पदवीधर. पदवी घेऊन खतांच्या दुकानात बसलेली किती पोरे आम्हाला माहीत आहेत! नियामकाच्या २०१५ च्या विनियमांत पीक विमा हे सर्वेक्षकांचे स्वतंत्र खाते आहे आणि त्याला कृषीची पदवी चालते. अनुभवी सर्वेक्षकाकडे बारा महिने उमेदवारी करायची, मग परीक्षा द्यायची. वरोऱ्याच्या, गडचिरोलीच्या कृषी महाविद्यालयांतून दरवर्षी मुलेमुली बाहेर पडतात. त्यांना हे कोणी सांगत नाही.

एक गोष्ट साफ सांगतो. आपला पोरगा सर्वेक्षक झाला म्हणजे टक्के वाढवून लिहील, ही आशा कोणी धरू नये. फी कंपनी देते, अहवाल मात्र निःपक्ष द्यावा लागतो. स्वतःच्या गावात, सोयऱ्याच्या शेतात त्याने पाहणीला जाऊच नये. राजुऱ्याच्या पोराने आदिलाबादला जावे, तिकडच्याने इकडे यावे. आम्हाला मेहेरबानी नको, मोजमाप हवे.

सरकारकडे मागणी दोन गोष्टींची. पिकाचे नुकसान कितीही रकमेचे असो, पाहणी पीक विम्याच्या परवानाधारकानेच करावी. आणि टक्के लिहिलेल्या पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याला बांधावरच मिळावी. तोवर कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका.

पुढल्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या तालुक्यातल्या कृषी पदवीधर मुलामुलींची नावे लिहून आणा. उमेदवारीला घेणारे सर्वेक्षक आम्ही शोधतो.