सलाईनची बाटली आणि आपली प्रतिष्ठा

गेल्या पावसाळ्यात, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आम्ही धर्मग्रामातील एका वृद्ध आजींना पवित्र कम्युनियन देण्यास गेलो होतो. नातू ओसरीवर पहुडलेला. दोन दिवसांची सर्दी आणि किंचित कणकण, एवढ्यासाठी त्याला रुग्णालयात एक रात्र ठेवले होते: एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, सलाईन. वडिलांनी बिल आम्हांला दाखविले, तेही काहीशा अभिमानाने. आतल्या खोलीत आजी मात्र रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेत होत्या. ‘फादर, रोजची परवडत नाही,’ त्या म्हणाल्या.

आमचे भांडण आहे ते या हिशेबाशी.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते, आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. ज्याला तोंडाने पेज पिता येते त्याला सलाईनने विशेष काही मिळत नाही. तथापि ‘घरी जा, विश्रांती घ्या’ असे सांगणारा डॉक्टर आपल्याला अडाणी वाटतो आणि आपण दुसऱ्याचे दार ठोठावतो. बाटली न लावणाऱ्याचा दवाखाना आपणच ओस पाडला, हे कबूल करावयास हवे. आपल्याकडे आजाराची गंभीरता बिलावरून ठरते, आणि मुलांचे प्रेमही!

याचा अर्थ डॉक्टर निर्दोष आहेत असा नव्हे. रुग्ण पाठविल्याबद्दल ‘कट’ घेणे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरविले आहे. तरीही हा व्यवहार संपलेला नाही, हे डॉक्टर मंडळीच खासगीत सांगतात. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांना दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. आपल्यापैकी कितीजण ते वाचतात? मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या असतात. ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या ख्रिस्ती संस्थांच्या दारावर तरी हा फलक ठळकपणे, मराठीत लावलेला असावा. आमच्या काही धर्मगुरुबंधूंना हे वाक्य रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

कोणी आमचा विपर्यास करून दुखणे अंगावर काढू नये. पावसाळ्यात चिखलपाण्यातून चालल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत कळ आली, धाप लागली, तर क्षणाचाही विलंब नको. त्या वेळी वाडी गहाण पडली तरी आम्ही शब्द काढणार नाही. परंतु नातवाच्या शिंकांवर घरचा पैसा उधळल्यावर आजीच्या गोळीला तो उरत नाही. रक्तदाबाला दुखणे नसते, म्हणून कोणी विचारत नाही. अर्धांगवायू झाल्यावर मात्र सारे कुटुंब अतिदक्षता विभागाबाहेर रोझरी म्हणत बसते.

त्या वडिलांना आम्ही जनऔषधी केंद्राचा पत्ता दिला आहे. त्यांना राग आला. चहाही न विचारता त्यांनी आम्हांस निरोप दिला. पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि कम्युनियन दिल्यानंतर आजींच्या उशाखालची गोळ्यांची पट्टी मोजणार आहोत.