पाच सामने मागे

ऑगस्ट संपत आला की बेसबॉलमधल्या हरणाऱ्या संघांची खरी परीक्षा सुरू होते, असं माझं मत आहे. घरच्या मंडळींसाठी आधी नियम थोडक्यात सांगतो.

एखादा खेळाडू नकोसा किंवा परवडेनासा झाला की संघ त्याला 'वेव्हर्स'वर टाकतो. हवा असेल त्याने दोन दिवसांत दावा सांगायचा. एकाहून जास्त दावे आले तर ज्या संघाची कामगिरी सर्वात वाईट, त्याचा हक्क पहिला. बदल्यात काही द्यावं लागत नाही, फक्त उरलेला पगार गळ्यात पडतो. आणि हो, ३१ ऑगस्टनंतर आलेल्या खेळाडूला त्या वर्षी प्लेऑफ खेळता येत नाही.

गंमत म्हणजे पहिला हक्क असलेले अगदी तळाचे संघ अशा वेळी महागड्या खेळाडूंकडे बहुधा बघतही नाहीत. हिशोब बरोबरच आहे! महिन्याभराने करार संपणाऱ्या माणसावर पैसे कशाला घालायचे? त्यापेक्षा दुसऱ्याच्या बाकावर बसलेला एखादा तरुण उचलावा, पुढची काही वर्षं हाताशी राहील.

खरा पेच मधल्यांचा. २०२३ चंच बघा. एंजल्सकडे ओहतानीच्या कराराचं ते शेवटचं वर्ष. म्हणून जुलैच्या शेवटी दोन होतकरू पोरं देऊन त्यांनी शिकागोकडून जिओलिटो आणि लोपेझ हे दोन पिचर आणले. ऑगस्टमध्ये संघ हरत गेला. महिनाअखेरीस या दोघांसकट सहा जण वेव्हर्सवर! पगाराचा आकडा लक्झरी टॅक्सच्या मर्यादेखाली आणायचा होता.

तिकडे क्लीव्हलंड मिनेसोटाच्या पाच सामने मागे. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त. तरी त्यांनी जिओलिटो, लोपेझ आणि मूर असे तिन्ही पिचर उचलले. पुढे काय झालं? ४ सप्टेंबरला त्याच मिनेसोटाविरुद्ध जिओलिटोने तीन इनिंग्जमध्ये नऊ रन दिले आणि क्लीव्हलंड २०-६ असं हरलं. शेवटी तिसरा नंबर.

"बघा, पैसे पाण्यात गेले की नाही?" असं म्हणणारे भेटतातच. पण मी तरीही क्लीव्हलंडच्या बाजूने आहे. मिनेसोटाशी समोरासमोर तीन सामने बाकी होते, म्हणजे आशा अगदीच खुळी नव्हती. एकही तरुण खेळाडू गमावला नाही, गेला तो एका महिन्याचा पगार. सप्टेंबरातही तिकीट काढून येणाऱ्या माणसाला "आम्ही अजून खेळतोय" एवढं तरी सांगायला नको का?

एंजल्सनी नियम मोडला नाही, पैसेही वाचवले. पण अजून महिनाभर रोज मैदानात उतरायचं असलेल्या बाकीच्या खेळाडूंनी त्यातून काय समजायचं? ओहतानी डिसेंबरमध्ये डॉजर्सकडे गेला. यामुळेच गेला असं मी म्हणत नाही, पण राहावंसं वाटावं असं त्या महिन्यात काही घडलंही नाही.

हातातून गेलेला मोसम सोडून देण्यात लाज नाही. पण तो खरंच गेलाय का, हे खजिनदाराने एकट्याने ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

असो. तुम्ही पाच सामने मागे असता तर काय केलं असतं? जरूर कळवा.