विधवेच्या नावाची बाटली

पॅरिसच्या एका गल्लीत, पाटी नसलेल्या दारामागे, फ्रेंच आणि फसफसणाऱ्या वाइन्सचा बार आहे. आम्ही दोघी गेलो. बारवाल्याने पिवळ्या लेबलची शॅम्पेन पुढे धरली : एका कर्तबगार बाईची म्हणे! लेबलवर 'व्हव्ह क्लिको'. म्हणजे विधवा क्लिको. (आपल्याकडे आजही अनेक घरांत विधवेला हळदीकुंकवाचं बोलावणं नसतं, तिकडे तिच्या नावाची बाटली लग्नात उघडतात.)

बार्ब-निकोल क्लिको १८०५ साली, सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली. सासऱ्याला पटवून तिने धंदा हाती घेतला. बाटलीतला गाळ मानेशी उतरवायची रीत तिच्याच तळघरात घडली. कर्तबगारी खरीच.

पण मैत्रिणींनो, नवरा जगला असता तर? नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने विवाहितेला नवऱ्याच्या संमतीशिवाय ना स्वतंत्र धंदा करता येई, ना कोर्टात जाता येई. विधवेला ही आडकाठी नव्हती. मालकीण व्हायला नवरा मरावा लागला! हे बारवाला सांगत नाही. त्याला 'जिद्द' विकायची असते, कायदा नाही.

नवऱ्याला न विचारता नोकरी धरायचा, बँकेत स्वतःचं खातं उघडायचा हक्क फ्रान्सच्या विवाहितेला मिळाला तो थेट १९६५ साली.